चाळीस हजारांचा ळ

मी मराठीचा शिक्षक आहे आणि माझ्या एका अक्षराची किंमत चाळीस हजार रुपये आहे. (एवढा दर कुठल्या लेखकाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. फरक इतकाच, की हे पैसे मला मिळाले नाहीत, माझ्यामुळं गेले.) पोरांच्या निबंधात एक वेलांटी चुकली तरी अर्धा मार्क कापणारा माणूस मी. त्या हिशोबानं माझं काय काय कापायला हवं, हे माझी बायको अजून ठरवते आहे.

बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला आम्ही एक रो हाऊस घेतलं. खाली दोन खोल्या, वर एक, पुढं चार पायऱ्या आणि मोटरसायकल लावण्यापुरती जागा. कर्ज बारा लाख, मुदत वीस वर्षं. बँकेतल्या साहेबांनी कागद पुढं सरकवले तेव्हा मी मनात बेरीज केली. शेवटचा हप्ता भरायला मी छप्पन्नाव्या वर्षी येणार होतो. माझी शाळा विनाअनुदानित. तिथं मान भरपूर मिळतो आणि पगार त्या मानानं मिळत नाही. पण सुरेखा, म्हणजे माझी बायको, सही करता करताच म्हणाली, "वीस वर्षं न्हाय. दहाच्या आत फेडायचं." साहेब हसले. असं म्हणणारी माणसं त्यांच्याकडं रोजच येत असावीत.

सुरेखानं मात्र महिन्याभरात एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला नोकरी धरली. आठ तास उभं राहून खोक्यांना चिकटपट्टी लावायची. तिचा पगार घरात यायचाच नाही, परस्पर कर्जात जायचा. तिची अट एकच होती. ज्या दिवशी कर्ज संपेल, त्या दिवशी ही नोकरी संपेल.

"मग पुढं काय करणार?" मी विचारलं. मला वाटलं शिवणकाम म्हणेल, डबे करीन म्हणेल.

"झोपणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे झोपणार. दुपारी दोन ते चार. पंख्याखाली, पाय पसरून, कडी लावून. मला सोनं नको आन् सहल नको. लग्न झाल्यापासनं मी दुपारची झोपल्येली न्हाय."

कर्ज लवकर फेडायला पैशापेक्षा उत्साह जास्त लागतो, हे आधी कुणी सांगत नाही. पहिलं वर्ष आम्ही फार जोरात होतो. हॉटेल बंद, नवे कपडे बंद, टीव्ही बंद. दुसऱ्या वर्षी पाय ओढायला लागले. मग मी दर एक तारखेला सुरेखापुढं भाषण करायला लागलो. कर्जमुक्तीवरचे सापडतील तेवढे व्हिडिओ मी मोबाईलवर बघितले होते. "सुरेखा, आज आपण जो त्याग करतोय तो उद्याच्या..." इथपर्यंत मी आलो की ती बसल्या जागी पेंगायची. एकदा तर परातीत पीठ मळता मळता पेंगली. शेवटी तीच म्हणाली, "अहो, तुमी बोलू नका. डोळ्याला दिसंल असं कायतरी करा."

म्हणून मी चार्ट केला. मोठ्या कार्डशीटवर आमच्या घराचं चित्र काढलं. गच्ची, खिडक्या, पुढच्या चार पायऱ्या, सगळं. पायऱ्यांपासून गच्चीपर्यंत सगळ्या चित्रावर चौकोन आखले. दहा चौकोनांची एक ओळ, अशा बारा ओळी. एक चौकोन म्हणजे दहा हजार रुपये मुद्दल. तेवढं फिटलं की एक चौकोन रंगवायचा, खालून वर. रंग निळा, कारण शाळेतून फुकट मिळणारं बॉलपेन निळंच होतं. चार्ट हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावला. (तसंही टीव्ही कुणी बघत नव्हतं.)

आणि खरंच फरक पडला. दमून आली तरी सुरेखा चपला काढायच्या आधी चार्टकडं बघायची. चौकोन ती स्वतःच्या हातानं रंगवायची, जीभ दाताखाली धरून, रेघेच्या बाहेर न जाता. एकदा उत्साहाच्या भरात मी अर्धा चौकोन आगाऊ रंगवून ठेवला, तर तिनं व्हाइटनर आणून तो पुसला. "उसना रंग चालणार न्हाय," म्हणाली.

अशी नऊ वर्षं गेली. यंदाच्या फाल्गुनात अकरा ओळी निळ्या झाल्या आणि सगळ्यात वरची, गच्चीखालची एक ओळ पांढरी उरली. एक लाख. साठ हजार आमच्याकडं साठले होते. उरलेले चाळीस आबा देणार होते. आबा म्हणजे माझे वडील. ते आणि आई अंथुर्ण्याला असतात, ऊस करतात. संक्रांतीला आले होते तेव्हा चार्टकडं बघत आपणहून म्हणाले होते, "उसाचं बिल आलं की तुझ्या घराला माझं चाळीस हजार." सुरेखानं त्याच दिवशी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. फक्त तारीख घालायची बाकी होती.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडं कुणी कर्ज फेडत नाही, निल करतात. सोसायटीचं खातं निल, म्हणजे बाकी शून्य, करायचं, बँकेतून निल दाखला आणायचा. सगळे असंच बोलतात. त्यामुळं आबांच्या उसाचं बिल जमा झाल्याचं कळलं तेव्हा मी त्यांना मोबाईलवर मेसेज टाकला. "आबा, ते चाळीस आता लागतील. पाडव्याच्या आत घर निल करायचंय. तुम्ही बघून घ्या."

म्हणजे मला तसं टाकायचं होतं.

दहा मिनिटांत आबांचं उत्तर आलं. "काळजी करू नको. बगतो." मला भरून आलं. मी सुरेखाला उत्तर दाखवलं, तिलाही भरून आलं. पाठोपाठ लोणी भापकरहून फोन आला. माझ्या सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. शनिवार, रविवार आणि त्याला जोडून धुळवडीची सुट्टी होती, म्हणून शुक्रवारी दुपारीच आम्ही दोघं लोणीला गेलो. घराची एक किल्ली अंथुर्ण्याला आबांकडं कायमच असते.

सोमवारी संध्याकाळी परत आलो. कोपऱ्यावरून आमच्या गल्लीत वळलो आणि मी मोटरसायकल सरळ पुढं नेली.

"अहो, घर मागं राहिलं," सुरेखा मागून म्हणाली.

"ते आपलं नाही."

"गेट आपलंच हाय."

मी गाडी वळवली. गेट आमचंच होतं. तुळशीची कुंडी आमचीच होती. पण घर निळं होतं. म्हणजे आकाशी वगैरे सोज्वळ नाही. शाई सांडल्यावर खिशाला येतो तो रंग. भिंती निळ्या, पायऱ्या निळ्या, खिडकीवरचे सज्जेसुद्धा निळे. फक्त वर गच्चीखाली एक हातभर रुंदीचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा ठेवला होता. शिडीवर इंदापूरचे रशीदभाई पेंटर उभे होते. आबांची आणि त्यांची दोस्ती चाळीस वर्षांची. खाली दोन खुर्च्या टाकून आई आणि आबा बसले होते, आणि दोघांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

"कसं झालंय?" आबांनी विचारलं.

"काय झालंय?" मी विचारलं.

"आरं, घर. पाडव्याच्या आत पायजे म्हनलास न्हवं? पंधरा दिस आधीच केलं बघ."

रशीदभाई शिडीवरून म्हणाले, "सर, कलर मॅच करायला लई तरास झाला. असा निळा दुकानात तयार भेटत न्हाय. तीनदा बाटल्या ओतल्या तवा जमला."

"कशाला मॅच केला?"

"त्या चित्राला की. आतनं आनून हितं लावलंय बघा."

खरंच. माझा चार्ट हॉलमधून काढून गेटच्या खांबाला चिकटपट्टीनं लावला होता. आई मोठ्या अभिमानानं म्हणाली, "संक्रांतीलाच माज्या ध्यानात आलं हुतं. येवढं चित्र काडून, रंग भरून भित्तीवर लावलंय, म्हंजी सूनबाईची हौसच आसनार. तोंडानं म्हनत न्हवती पोर. ह्यांना म्हनलं, जसं चित्रात हाय तस्संच करा, इकडचं तिकडं नको."

"आणि तो वरचा पांढरा पट्टा?"

"चित्रात पांढराच हाय की," रशीदभाई म्हणाले. "दोन दिस इचार केला, असा पट्टा का बरं ठिवला आसंल. पन म्हनलं, सर शिकलेलं मानूस हायती, त्यांचं कायतरी डिझाईन आसंल."

आमची एक लाख रुपये बाकी आता रस्त्यावरून दिसत होती.

मी शेवटच्या आशेनं विचारलं, "आबा, पैसे?"

"चाळीस हजार म्हनला हुतास, बराबर चाळीसच लागलं. रशीदनं मजुरीतबी कमी केलं, दोस्तीखातर."

इथं माझा आवाज चढला. नऊ वर्षांचं साठलेलं सगळं त्यात होतं. मी म्हणालो, "आबा, मी घर रंगवायला कधी सांगितलं? मी निल म्हणालो होतो. निल! सोसायटीत म्हणतो तसं. तुम्हाला निल माहीत नाही का?"

आबांनी शांतपणे खिशातून मोबाईल काढून माझ्या हातात दिला. "मला निल चांगलं म्हाईत हाय. तू काय ल्हिलंयस ते वाच."

मी वाचलं. "पाडव्याच्या आत घर निळ करायचंय. तुम्ही बघून घ्या."

ळ. बाणातला ण नाही, शेंडीतला श नाही, सरळ स्वच्छ कमळातला ळ. मेसेज माझा, बोट माझं, आणि बावीस वर्षं मराठी शिकवणाराही मीच.

"शेवटचं टिंब तू इसरला हुतास," आई मायेनं म्हणाली. "ते मीच लावून वाचलं. निळं."

आई सातवीपर्यंत शिकलेली आहे. मुलाचं शुद्धलेखन सुधारून वाचायची तिला पहिल्यापासून सवय.

मी सुरेखाकडं बघितलं. ती पायरीवर बसली होती. (रंग ओला होता. ती साडी अजून निळी आहे.) तिनं पर्स उघडली, राजीनाम्याची घडी काढली, बघितली आणि परत आत ठेवली. मग बोटांवर काहीतरी मोजलं. "चार चौकोन," म्हणाली. "म्हंजे अजून चार महिने." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती कधी रडत नाही. नऊ वर्षांत तिच्या टाचा फुटल्या, पोटऱ्या सुजल्या, तरी मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मला माझी इतकी लाज वाटली की त्या क्षणी कुणी माझं नाव विचारलं असतं तरी मी चुकीचं लिहिलं असतं.

आबांच्या आत्ता सगळं लक्षात आलं. त्यांचा चेहरा पडला. "सूनबाई, म्या म्हस इकतो," म्हणाले. "उद्याच्या उद्या इकतो."

"म्हशीला हात लावायचा न्हाय," सुरेखा डोळे पुसत म्हणाली. मग ती उठली, गेटपर्यंत गेली आणि चार्टकडं बघितलं. मग घराकडं बघितलं. परत चार्टकडं. आणि एकाएकी तिला हसू फुटलं. असं फुटलं की तिला गेट धरावं लागलं. "अहो," ती म्हणाली, "खिडकीपाशी मी एकदा रेघेच्या बाहेर गेले हुते बघा. ती सुदीक काढलीय भाईंनी!" आणि तिथं खरंच, खिडकीच्या चौकटीवर एक निळी शेपटी होती.

मग आईला हसू आलं, आबांना आलं, रशीदभाईंना शिडीवरून उतरावं लागलं. मी एकटाच हसू की नको या विचारात उभा होतो.

"भाई, रंग उरलाय का?" सुरेखानं विचारलं.

"हाय की. अर्धी बादली हाय."

"मग ठिवा हितंच. पट्टा आता तिथंच भरायचा."

त्या दिवसापासून आमचा चार्ट म्हणजे आमचं घर. दुसऱ्या दिवशी साठ हजार भरले आणि आबांनी स्वतः शिडीवर चढून पट्ट्याचे दहातले सहा हिस्से निळे केले. उरलेल्या भागावर रशीदभाईंनी खडूनं चार चौकोन आखून दिले. त्या चार महिन्यांत आमच्याकडं वर काही उरणार नव्हतं, कारण सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन निघालं होतं. नुसत्या हप्त्यावर, महिन्याला एक चौकोन. हप्ता गेला की आबा अंथुर्ण्याहून येणार, चौकोन भरणार, चहा पिणार आणि जाणार.

गल्लीला पहिल्या आठवड्यात पट्ट्याचा अर्थ कळला. शेजारच्या कदमकाकांनी मला एवढंच विचारलं की असं अर्धवट का ठेवलंय, आणि मी खरं सांगून बसलो. कदमकाका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. त्यांना सांगितलेली गोष्ट शेवटच्या स्टॉपपर्यंत जाते. त्यानंतर आमची बाकी सगळ्यांना पाठ झाली. दूधवाला जाता जाता वर बघायचा. माझ्या वर्गातली पोरं शिकवणीला येताना मोजायची. एकदा शाळेतून येताना मी चौकातल्या गाड्यावर मिसळ मागवली, तर गाडेवाला पाव ठेवता ठेवता म्हणाला, "सर, अजून तीन चौकोन हायेत न्हवं?" मी अर्धी मिसळ टाकून घरी आलो. नऊ वर्षांत मी केलेल्या सगळ्या भाषणांनी जे झालं नव्हतं, ते त्या माणसानं एका पावात केलं.

सुरेखाची तर गंमतच झाली. पहिल्यांदा ती मान खाली घालून कामाला जायची. मग कंपनीतल्या बायका शिफ्ट सुटल्यावर मुद्दाम आमच्या गल्लीतून जायला लागल्या. "सुरेखाताई, दोन राहिले बरं का," असं म्हणायच्या. त्यातल्या दोघींचीही घराची कर्जं होती. एकीनं तिच्या घराचा चार्टही माझ्याकडून काढून नेला. (शब्द एकही लिहायचा नाही, नुसते चौकोन, या अटीवर.) सुरेखा संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि खिडकीतून वर बघायची. दमलेली असायची, पण पेंगायची नाही.

तिसऱ्या महिन्यात आबा आलेच नाहीत. अंथुर्ण्यात कालव्याच्या पाण्याची पाळी होती, रात्रंदिवस ऊस भिजवायचा होता. हप्ता वेळेवर गेला होता, पण पट्टा तसाच. दहा तारीख गेली, पंधरा गेली. गल्लीत लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. शेवटी एका सकाळी कदमकाका आत आले, दार लोटलं आणि म्हणाले, "सर, शेजारी म्हनून इचारतो. पट्टा हलला न्हाय. काय अडचन हाय का? माझ्याकडं सात-आठ हजार पडून हायेत. पुढच्या महिन्यात द्या, सावकाश द्या, पन पोरीला अजून राबवू नका."

बँकेनं बारा लाख देताना सतरा कागद मागितले होते, आणि हा माणूस नुसती भिंत बघून पैसे काढून देत होता. मी त्यांना हप्त्याची पावती दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली, मग अंगणातनं शिडी आणली, आणि आबांची वाट न बघता तो चौकोन स्वतः रंगवला. (रेघेच्या बाहेर गेले. सुरेखानं खपवून घेतलं.)

आणि श्रावणात शेवटचा हप्ता गेला. त्याच दिवशी सुरेखानं राजीनाम्यावर तारीख घातली. मी पेन पुढं केलं होतं, तिनं घेतलं नाही. तारीख तिनं स्वतःच्या पेनानं घातली. कंपनीतल्या बायकांनी तिला साडी दिली. निळीच दिली, दुसरी शोभली नसती.

निल दाखला मिळायला आणखी आठवडा गेला. तो शनिवार होता. सकाळची शाळा सुटल्यावर मी बँकेत गेलो. बाकीचे कागद टपालानं येणार होते, पण दाखला हातात मिळाला. मी तो काऊंटरवरच तीनदा वाचला. ल होता. साहेब म्हणाले, "काही चुकलंय का सर?" म्हटलं, "नाही. आमच्याकडं कधीकधी चुकतं." उड्या मारत घरी आलो. पायऱ्या चढलो, दाराला हात लावला, तर आतून कडी. बेलवर बोट ठेवलं आणि खिडकीतून पंख्याचा आवाज ऐकू आला. त्याच्या खाली आणखी एक आवाज होता, बारीक, संथ. सुरेखा घोरते हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. घड्याळात बघितलं. सव्वादोन.

मी बोट काढून घेतलं. चपला हातात घेतल्या, पावलं न वाजवता खाली उतरलो आणि दाखला मांडीवर ठेवून पायरीवर बसलो. ऊन होतं. भूक लागली होती. पाणी आत होतं. चार वाजायला पावणेदोन तास होते आणि मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

साधारण तीनच्या सुमारास कदमकाका गेटपाशी आले. मला असा हातात चपला आणि मांडीवर बँकेचा कागद घेऊन बाहेर बसलेला बघून त्यांचं तोंड उतरलं.

"सर," ते हळूच म्हणाले, "बँकेनं घर काढून घेतलं काय?"

"हळू बोला काका," मी म्हणालो. "आजच आमचं झालंय, म्हणून तर बाहेर बसलोय."